डिझेल कोण पीत होतं?

आम्ही पोफळीहून बोलतोय, चिपळूण तालुक्यातून. गटाच्या बायका रेडिओवर आल्या म्हणजे लोणची-पापड नाहीतर कर्जाचे हप्ते, असंच तुम्हाला वाटलं असेल. आज आम्ही गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहोत. आमच्यातल्या एकीलाही गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही ऐका, कारण गाडी गटाची असली की तिचा खर्च आपल्याच वहीत येतो, आणि त्या वहीमुळे आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला.

पोफळी म्हटलं की लोकांना कोयनेचं डोंगराच्या पोटातलं वीजघर आठवतं. आम्हाला आधी कुंभार्ली घाट आठवतो. चिपळूणहून कराडला जाणारा रस्ता अलोरे, शिरगाव, पोफळी करत आला की घाट चढायला लागतो आणि वर हेळवाककडे निघतो. वळणावर वळण, पावसाळ्यात धुकं आणि रस्त्यावर वाहणारं पाणी. घाट चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना ब्रेकची.

आमच्या गटाचा एक पिकप आहे. जुनाच घेतला. उन्हाळ्यात काजू, कोकम, आंबा, फणस वर कराडला न्यायचे आणि येताना कांदा, बटाटा, गूळ, भाजी भरून आणायची. म्हणजे घाट उतरताना गाडी नेहमी भरलेली. गाडीवर एक दादा ड्रायव्हर आहेत, त्यांना खेपेवर पैसे. हिशेबाची वही आमच्याकडे.

कराडला जाऊन-येऊन दहा-साडेदहा लिटर डिझेल लागायचं. पावसाळा लागला तसं अकरा लागायला लागलं, मग बारा, गणपतीच्या सुमाराला तेरा. गाडी तीच, रस्ता तोच, मालही तेवढाच. मग वरचं अडीच-तीन लिटर डिझेल पितं कोण? बैठकीत सगळ्यांच्या मनात एकच आलं, आणि ते बोलून दाखवायला वेळ लागला नाही. दादांना बोलावलं. ते म्हणाले, "गाडी जड चालतेय ताई. डावीकडे ओढते पण." आम्ही म्हटलं, टायरात हवा भरा. एकीने सुचवलं, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून आणा, डिझेल वाचेल. त्याला त्यांनी साफ नकार दिला. वहीत आम्ही 'ऐकत नाहीत' असं लिहिलं आणि खेपेमागे २०० रुपये कापायला सुरुवात केली. दादा काही बोलले नाहीत. सहा खेपा तसे पैसे कापले.

खंडेनवमीला सकाळी गाडी कराडहून झेंडू घेऊन आली. दसऱ्याचा झेंडू, घाई होती. माल उतरवला आणि लगेच गाडीची पूजा करायला घेतली. हळदकुंकू, हार, नारळ. आमच्यातली एक तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानाने चाकांवर शिंपडत चालली होती. पुढच्या डाव्या चाकाच्या मधोमध थेंब पडले आणि चर्र आवाज झाला. तव्यावर पाणी मारल्यावर होतो तसाच. उजव्या चाकावर शिंपडलं, काही नाही. डाव्या चाकाजवळ वाकलं तर करपल्यासारखा उग्र वासही येत होता. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दादा म्हणाले, "हेच सांगत होतो मी."

ड्रायव्हरने पाय काढला तरी ब्रेक चाक सोडत नव्हता. मिस्त्री लोक म्हणतात, ब्रेक पकडतोय, ब्रेक धरून राहतोय. म्हणजे एका चाकाला कायम थोडा ब्रेक लागलेला आणि इंजिन त्याच्याविरुद्ध गाडी ओढत असतं. आमचं वरचं डिझेल तिथे जळत होतं, आणि त्याचीच उष्णता होऊन चाक तापत होतं.

हे कसं होतं ते आम्हाला नंतर समजलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. पुढच्या चाकाला आत एक लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड. पॅडना धरणारा जो जाडजूड लोखंडी भाग, तो कॅलिपर. पाय दाबला की वरच्या मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये येतं, तिथला पिस्टन बाहेर ढकलतं, आणि पॅड डिस्कला चिमटा काढतात. दवाखान्यातल्या सुईच्या पिचकारीसारखं आहे, एकीकडे दाबलं की दुसरीकडे ढकललं जातं.

आता पाय काढल्यावर पिस्टन मागे कसा येतो? आम्हाला वाटलं स्प्रिंग असेल. मागच्या ड्रमच्या ब्रेकला असते. पुढे मात्र पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती रबराची एक चौकोनी कडी असते. पिस्टन बाहेर जाताना ती किंचित पिळली जाते आणि दाब गेला की सरळ होता होता पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढंच. ढकलायला ड्रायव्हरचा पाय आणि वर बूस्टरची मदत, आणि परत यायला एका रबरी कडीचा जीव. त्यामुळे परतीच्या वाटेत जरा कुठे अडलं, कुठे गंज धरला, कुठे ऑइल तुंबलं, की पुढचा ब्रेक अडकून राहतो.

दसरा झाल्यावर गाडी एका गॅरेजला नेली. चाक उघडलं, पॅड झिजलेत म्हणाले, नवे टाकले. मजुरी धरून २,२०० रुपये. आठ-दहा दिवस बरं चाललं आणि पुन्हा चाक तापलं. दुसऱ्या गॅरेजला नेली. ते म्हणाले कॅलिपर गेलाय. नवा कॅलिपर बसवला, ४,८०० रुपये. तीन आठवडे बरे गेले आणि डावीकडे ओढणं परत सुरू. दोन्ही वेळा गाडी रात्री गॅरेजला उभी केली होती आणि सकाळी थंड असताना उघडली होती. थंड गाडीचं चाक हाताने मोकळं फिरत होतं. आजार दिसतच नव्हता, मग जो भाग झिजलेला दिसेल तो बदलायचा, एवढंच झालं. आम्हीही कुणी तिथे उभ्या राहिलो नव्हतो. नुसते पैसे पाठवले होते.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघी गाडीबरोबर चिपळूणला गेलो, एका जुन्या मिस्त्रींकडे. पाना हातात घ्यायच्या आधी त्यांनी दादांना विचारलं, सकाळी निघताना गाडी मोकळी असते का? किती वेळा ब्रेक मारल्यावर जड होते? एकच चाक तापतं की दोन्ही? थोडा वेळ उभी केली की सुटते का? दादांनी सगळं नीट सांगितलं. आम्ही गप्प उभ्या होतो. हे प्रश्न आम्ही जुलैतच विचारले असते तर.

मग त्यांनी दादांना गाडी फिरवून आणायला लावली, मुद्दाम पंधरा-वीस वेळा ब्रेक मारून. गाडी आली तेव्हा चाक तापलेलं होतं. सपाट जागी उभी केली, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढून जॅक लावला आणि जॅकच्या शेजारी लोखंडी घोडा दिला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी हात घालायचा नाही, तुमच्या घरचं माणूस असलं तरी ओरडा. उजवं चाक हाताने ढकललं, ते दीड-दोन फेऱ्या फिरलं. घासल्याचा बारीक आवाज येत होता, तेवढा चालतो. डावं चाक हललंच नाही.

म्हणजे दोष एकाच बाजूचा. दोन्ही चाकं अडकली असती तर त्यांनी वर, मास्टर सिलिंडरकडे बघितलं असतं.

पुढची परीक्षा पाच मिनिटांची होती आणि आमचे ७,००० रुपये तिच्याअभावी गेले. गाडीच्या अंगाला पक्की लोखंडी नळी असते. ती चाकाजवळ आली की तिला रबरी होज पाइप जोडलेला असतो, कारण चाक वळतं, खाली-वर होतं. मिस्त्रींनी आधी होज पाइपचा वरचा जोड, लोखंडी नळीकडचा, सैल केला. थोडं ऑइल झिरपलं. चाक फिरवून बघितलं, तसंच घट्ट. म्हणजे वरून दाब येत नव्हता. तो जोड परत आवळला. मग कॅलिपरवरचं छोटं निप्पल, ज्यातून एअर काढतात, ते सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. त्याच क्षणी. हाताने ढकललं तर फिरायला लागलं.

मिस्त्री म्हणाले, "वर उघडलं तर सुटलं नाही, खाली उघडलं तर सुटलं. मग तुंबलंय कुठं, तुम्हीच सांगा." आमच्यातली एक पटकन बोलली, मधल्या पाइपात. नळाच्या पाण्याचं भांडण आयुष्यभर केलेल्या बायकांना हे कळायला वेळ लागत नाही.

निप्पल उघडूनही चाक सुटलं नसतं तर? मग ऑइलचा दाब नाही, कॅलिपरच अडकलाय असं धरायचं. आत गंजलेला पिस्टन, किंवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना सुकलेल्या, किंवा पॅडचे कान गंजात रुतलेले. आपल्याकडे गाडी पावसात आठ-पंधरा दिवस एका जागी उभी राहिली की हे हमखास होतं. पिना काढून, पॉलिश पेपरने साफ करून, त्यांचं खास ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर पिनांवरचं रबर फुगतं आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा घट्ट बसतं. मिस्त्रींनी आमच्या उजव्या बाजूच्या पिना काढून दाखवल्या, कोरड्या ठणठणीत. त्याही करून घेतल्या.

जुना होज पाइप त्यांनी ब्लेडने उभा चिरून आमच्या हातात दिला. बाहेरून चांगला होता, भेगसुद्धा नाही. आतली साल मात्र फुगून सुटली होती आणि भोक सुई जाईल एवढंच राहिलं होतं. सुटलेल्या सालीची झडप झाली होती. पाय जोरात दाबल्यावर ऑइल तिला सारून खाली जायचं. परत येताना जोर कुठला, त्या रबरी कडीचाच. ऑइल खाली अडकायचं आणि चाक धरून ठेवायचं. गाडी तासभर उभी राहिली की हळूहळू झिरपून सुटायचं, म्हणून सकाळी गाडी निर्दोष. कॅलिपर बदलताना पाइप सोडून पुन्हा जोडला होता, एअर काढली होती, त्यामुळे काही दिवस वाट मोकळी झाली असावी.

मिस्त्रींनी आणखी एक विचारलं, पॅड बदलताना कॅलिपर तारेने बांधून ठेवला होता की पाइपावर लोंबकळत सोडला होता? दादांनी बघितलं होतं, लोंबकळत होता. तेवढं वजन पाइपावर टाकलं की आतली साल सुटते. आमचा पाइप त्याआधीच खराब होता, पण त्या दिवशी आणखी बिघडला असणार. तुमच्या गाडीचं चाक उघडतील तेव्हा एवढं बघाच.

दोन्ही बाजूंचे पाइप जोडीने बदलले, जोडाचे तांब्याचे वॉशर नवे घातले, सगळं ब्रेक ऑइल नवं भरून एअर काढली. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कुठे पिळत-घासत नाही ना ते बघितलं. मजुरीसकट १,५०० रुपये.

दोन्ही पुढची चाकं तापत असतील तर काय, हेही आम्ही विचारून घेतलं. पॅडल पूर्ण सुटलं तरी मास्टर सिलिंडर आतून पूर्ण सुटत नसेल तर ऑइल परत टाकीत यायची वाट बंद राहते. बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर नुकतंच बदललं असेल आणि मधला दांडा जास्त लांब बसला असेल तर असं होतं. इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, मग हाताने हलकं दाबून बघायचं. सुरुवातीला थोडं मोकळं हललं पाहिजे. अजिबात मोकळं नसेल तर मिस्त्रीला तेच सांगायचं. दुसरं कारण वाईट आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल ओतलं, अगदी थोडं, तरी आतली सगळी रबरं फुगतात. टाकीच्या झाकणातलं रबर काढून बघा. ते फुगून पुन्हा आपल्या जागी बसत नसेल तर समजा हेच झालंय. मग एक-दोन भाग बदलून भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात.

आता घाटाचं सांगतो, कारण आमचं डिझेल गेलं ते परवडलं, पण जीव वाचले ते नशिबाने.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्या कोकणात पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे ऑइलची काय कथा. नवं डॉट ३ ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, पण पाणी धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. चाक सतत घासून तापलेलं, वर घाट उतरताना मारलेले ब्रेक, आणि ऑइल जुनं. ते उकळलं की त्याची वाफ होते. ऑइल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दबते. पॅडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. कांद्याने भरलेली गाडी आणि कुंभार्लीचं वळण. आमचं जुनं ऑइल मिस्त्रींनी बाटलीत काढलं तेव्हा चहासारखं काळपट होतं. नवं फिक्या मधासारखं असतं. शेवटचं कधी बदललं होतं ते आमच्या वहीत कुठेच नव्हतं. दोन वर्षांनी बदलावं म्हणतात. अर्धवट राहिलेली उघडी बाटली ठेवून पुढच्या वेळी वापरायची नाही.

आणि ती न्यूट्रलची सूचना. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकवर कमी भार येतो. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या जिवावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदाच ब्रेक नीट लागतो, मग पॅडल दगडासारखं घट्ट. ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, असं दादा म्हणतात. आम्ही सांगितलेलं त्यांनी ऐकलं असतं तर आज हे भाषण द्यायला आम्ही आलो नसतो.

वाटेत चाक तापल्याचं लक्षात आलं तर गाडी बाजूला सपाट जागी घ्यायची, चाकांना दगड लावायचे आणि निवू द्यायचं. गरम डिस्कवर बादलीभर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होते, तडकते. आम्ही शिंपडलं ते चार थेंब होते.

जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल तर एक आठवण. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या दुरुस्त करून विकलेल्याही असतील. घ्यायच्या आधी सरळ विचारा, पुरात होती का? सीटखाली, चटईखाली, कॅलिपरच्या सांदीत गाळ सापडतो का बघा. गाळ गेलेला ब्रेक पुसून भागत नाही, उघडून साफ करावा लागतो.

आता आमच्याकडे खेप आली की एकजण माल मोजते आणि एकजण चाकांपाशी जाते. लोखंडाला हात लावायचा नाही, भाजेल. तळहात चार बोटं लांब धरायचा, आधी उजव्या चाकाजवळ, मग डाव्या. दोन्हीकडे ऊब सारखी असेल तर ठीक. घाट उतरून आलेली चाकं गरम असणारच, फरक बघायचा. एका बाजूला धग जास्त लागली, करपल्याचा वास आला, किंवा एकाच रिमवर काळी भुकटी जास्त दिसली, तर वहीत लिहायचं आणि दादांना विचारायचं. ती भुकटी फुंकायची नाही की कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, जुन्या पॅडमधली असेल तर फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसायची.

वहीत आता डिझेलच्या शेजारी एक रकाना वाढवलाय, 'गाडी कशी चालली'. तो दादा सांगतील तसा लिहायचा, आपल्या मनाचं नाही. गेल्या चार खेपांना डिझेल साडेदहाच्या वर गेलेलं नाही.

कापलेले १,२०० रुपये आम्ही पुढच्याच बैठकीत दादांना परत केले. सगळ्यांसमोर कापले होते म्हणून सगळ्यांसमोरच दिले, आणि चूक झाली असं अध्यक्षांनी तोंडाने म्हटलं. दादांनी पैसे मोजून खिशात ठेवले. म्हणाले, "मागच्या ब्रेकचे लायनर पण बघून घ्या एकदा. आता गुळाच्या खेपा आहेत." ते काम पुढच्या सोमवारी ठरलंय. या वेळी आम्ही तिघी जाणार आहोत.